आज्ञावली आणि बाह्य विन्यास-संचिका : करदराच्या एका उदाहरणावरून

पनवेल हे आयुर्वेदीय औषधनिर्मितीचे जुने केंद्र होय. 'श्री धूतपापेश्वर' या तेथील संस्थेची स्थापना १८७२ सालची. अशा गावातील एखाद्या घाऊक औषधविक्रेत्याची संगणकीय हिशेबपद्धती आपण कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. तीत साठा, बिले, परत आलेला माल आणि छपाई असे चार स्वतंत्र घटक आहेत. २२ सप्टेंबर २०२५ रोजी औषधांवरील वस्तू व सेवा कराचा सर्वसाधारण दर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. हा आकडा बिलाच्या आणि परतीच्या अशा दोन्ही घटकांच्या आज्ञावलीत लिहिलेला असेल, तर एका ठिकाणी तो बदलावा आणि दुसऱ्या ठिकाणी राहून जावा, हे सहज संभवते.

यावरून पहिला नियम निघतो. गणिताची रीत आज्ञावलीत असावी. परंतु ज्या मूल्यांचा निर्णय आज्ञावलीबाहेर होतो, ती मूल्ये बाहेरच्या विन्यास-संचिकेत असावीत.

तथापि, एवढ्याने काम भागत नाही. संचिकेत 'औषधे : ५' एवढेच लिहिले, तर १५ सप्टेंबरला १,००० रुपये मूळ किमतीवर १२० रुपये कर लावून विकलेला माल ऑक्टोबरात परत आल्यावर ग्राहकाच्या नावे १,१२० ऐवजी १,०५० रुपये जमा होतील. सत्तर रुपयांची ही चूक आज्ञावलीची नव्हे, संचिकेच्या रचनेची होय. म्हणून प्रत्येक दराबरोबर तो कोणत्या तारखेपासून अंमलात आला हे नोंदवावे आणि परतीच्या घटकाने मूळ बिलाच्या तारखेचा दर मागावा. जुना दर पुसू नये. त्याच्याखाली नवा लिहावा.

आता संचिका वाचण्याचा प्रश्न. प्रत्येक घटकाने ती स्वतंत्रपणे उघडली, तर मध्येच झालेला बदल एकास दिसेल व दुसऱ्यास दिसणार नाही. त्यापेक्षा मुख्य आज्ञावलीने प्रारंभी एकदाच वाचन करावे, मूल्ये तपासावीत आणि प्रत्येक घटकास त्याच्यापुरता भाग द्यावा. अनेक संचिका असल्यास त्यांचा अग्रक्रम ठरलेला असावा : प्रथम सर्वसाधारण मूल्ये, मग त्या दुकानाची, शेवटी चालू करताना दिलेली, नंतरचे मूल्य आधीच्यास बाजूस सारते.

संचिकेचा पत्ता हाही नेहमीचा घोटाळा आहे. केवळ नाव दिले, तर संगणक चालू निर्देशिकेत शोध घेतो. हाताने चालविलेली आज्ञावली त्यामुळे नीट चालते, आणि तीच रात्री ठरलेल्या वेळी आपोआप सुरू झाली की संचिका सापडत नाही. पत्ता पूर्ण द्यावा, किंवा आज्ञावलीच्या स्वतःच्या स्थानापासून मोजावा.

तपासणीचे महत्त्व आपल्या लिपीच्या संदर्भात विशेष जाणवते. देवनागरी '५' हा अंक पायथन भाषेतील पूर्णांक-रूपांतर मान्य करते. जेसन या लेखनपद्धतीत मात्र संख्या म्हणून तो चालत नाही, आणि अवतरणचिन्हांत लिहिला तर तो केवळ मजकूर ठरतो. अशा वेळी मुकाट्याने शून्य किंवा जुने मूल्य धरून पुढे जाणारी आज्ञावली घातक होय. आवश्यक मूल्य नसेल वा वाचता येत नसेल, तर संचिकेचे नाव व ओळ सांगून तिने प्रारंभीच थांबावे. दुकान दहा मिनिटे उशिरा उघडले तर चालेल. महिनाभर चुकीची बिले गेलेली चालणार नाहीत.

सारांश, मूल्य बाहेर काढले म्हणजे जबाबदारी संपली असे नाही. आज्ञावलीतील आकडा बदलण्यापूर्वी निदान तिचा कर्ता तो पाहत असे. संचिकेतील आकडा कोणीही बदलू शकतो. ती पाहणी आता संचिका वाचणाऱ्या भागाने करावयाची आहे, आणि म्हणून त्या भागाची रचना बिलाच्या गणिताइतक्याच काळजीने झाली पाहिजे.