येत्या वर्षासाठी एक मागणीपत्र

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय दिला तो असा : येत्या वर्षात तंत्रज्ञान आणि संस्कृती यांच्याकडून तुम्हांस काय हवे आहे? आम्ही आयुष्यभर मागणीपत्रेच लिहीत आलो, त्यामुळे मागण्या सुचणे आम्हांस अवघड नाही. अवघड आहे ते मागणीपत्र कोणाच्या नावाने लिहावे हे. कारखान्याच्या मागणीपत्रावर मॅनेजरसाहेबांचे नाव घालता येते, बाजारातल्या मागणीपत्रावर अडत्यांच्या मंडळाचे. तंत्रज्ञान नावाचे गृहस्थ कोणत्या खोलीत बसतात? त्यांच्या दारावर पाटी नाही आणि दाराशी शिपाई नाही. त्यांना घेराव घालावा तर कोठे घालावा? हे आम्ही विनोदाने म्हणत आहोत असे वाटेल. परंतु आमच्या आजच्या सांगण्यातली मुख्य अडचण हीच आहे.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते ग्रंथालयाच्या बाकावर आणि संपाच्या मंडपात. तेव्हा चंद्रावर जाणारे यान किंवा आपण होऊन कविता करणारे यंत्र यांविषयी आमच्याकडून काही ऐकावयास मिळणार नाही. आम्ही अंगठ्यापासून सुरुवात करणार आहो.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी आम्ही हमालांच्या वस्तीत काम करू लागलो, तेव्हा मजुरीच्या पत्रकावर दहापैकी सात जण अंगठा उठवीत. जो भरलेल्या पत्रकावर अंगठा उठवितो त्याला उद्या कोऱ्या कागदावरही उठवावा लागतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून रात्री आठनंतर मारुतीच्या पारावर वर्ग भरविला. दिवसभर पोती वाहिलेली माणसे. हातात पेन्सिल धरली की बोटे थरथरत. एका चाळिशीच्या गृहस्थाने तीन महिन्यांत आपले नाव गिरविले आणि त्या आनंदात घराच्या भिंतीवर कोळशाने सतरा वेळा लिहून काढले. बायकोने दिवाळीपर्यंत त्या भिंतीला पोतेरे लावले नाही. 'अंगठेबहाद्दर' ही शिवी आमच्या वस्तीतून गेली, याचा आम्हांस अभिमान होता.

ती माणसे आता साठीपलीकडे गेली. रेशनच्या दुकानात त्यांच्यापुढे एक लहानसे यंत्र येते आणि म्हणते, सही नको, अंगठा दाखवा. आणि नेमका आता अंगठाच उरलेला नाही.

हे कसे होते ते थोडे समजून घेतले पाहिजे. आपल्या बोटाच्या टोकावर कातडीच्या बारीक वरंब्या असतात, शेतातल्या सऱ्या-वरंब्यांसारख्या. त्या कोठे फुटतात, कोठे संपतात, त्या जागा यंत्र टिपते आणि पूर्वी नोंदवून ठेवलेल्या जागांशी ताडून पाहते. पुरेशा जागा जुळल्या तर माणूस खरा. पण तागाच्या पोत्याने, दोरीने, हमालाच्या लोखंडी हुकाने वर्षानुवर्षे ह्या वरंब्या घासल्या जातात. सिमेंट आणि चुना कातडी खातात. वयाने कातडी कोरडी पडते. ज्याने आयुष्यभर हाताने काम केले त्याचा हातच त्याची साक्ष देत नाही, आणि गादीवर बसून हिशेब लिहिणाऱ्याचा अंगठा मात्र पहिल्या फटक्यात लागतो. ह्यात कोणी कट केला असे आम्ही म्हणत नाही. यंत्राची आखणी करणाऱ्यापुढे नमुन्याला ज्यांची बोटे होती ती बहुधा पोती उचलणारांची नसावीत, इतकेच.

आमचे ते भिंतीवर नाव लिहिणारे मित्र एका दुकानातून तीन वेळा परत आले. दुकानदार म्हणाला, 'मशीन घेत नाही, मामा.' दुकानदारही खोटे बोलत नव्हता. परंतु ह्या वाक्याकडे नीट पाहा. ह्यात नाकारणारा माणूसच नाही. पूर्वी तलाठी नाही म्हणे, मुकादम नाही म्हणे. त्याच्याशी भांडता येई, वेळप्रसंगी त्याला चहा पाजता येई. यंत्राला दोन्ही उपाय लागू पडत नाहीत.

तेव्हा आमच्या मागणीपत्रातले पहिले कलम असे : जे यंत्र नाकारते, त्याने नकाराची पावती दिली पाहिजे. धान्य दिले की कागदाची पट्टी निघते. नाकारले की, निदान आम्ही पाहिले त्या दुकानात तरी, हातात काहीच पडत नव्हते. नकाराच्या पट्टीवर तारीख, वेळ, कारण आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचे पद एवढे छापावे. ही काही क्रांती नव्हे. चार ओळींची छपाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधारची योजना वैध ठरविली. तरी ओळख जुळली नाही एवढ्या कारणाने खऱ्या हक्कदाराला वंचित ठेवू नये, अशीही भूमिका घेतली. पण न्यायालयापुढे जावयाचे तर पुरावा लागतो, आणि रिकाम्या हाताने परत आल्याचा पुरावा कोण देणार?

न्याय दोन्ही बाजूंनी केला पाहिजे. मिलच्या जुन्या कामगारांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतून किमान पेन्शन महिना हजार रुपये, तेही २०१४ साली ठरलेले. त्या हजारासाठी म्हातारी माणसे रिक्षा करून बँकेत जात. २०१४ पासून हा दाखला यंत्राने देता येऊ लागला, परंतु तेथेही बोट आडवे आले. मग २०२१ च्या नोव्हेंबरात चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाली आणि घरबसल्या मुलाच्या मोबाइलवरून दाखला जाऊ लागला. आमच्या ओळखीच्या एका अंथरुणाला खिळलेल्या जॉबरला त्याचा किती आधार झाला हे आम्ही जाणतो. म्हणजे चूक सुधारता येते. मनात आणणारा कोणी असावा लागतो.

आता भाषेकडे येऊ. संस्कृतीचा विषय आम्हांस येथून सुरू होतो असे वाटते. आमच्या आजोबांच्या काळी, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, ह्या मुलखात निजामाचे राज्य होते आणि सरकारी दप्तर उर्दूत चाले. ज्याची जमीन त्याला तिचा कागद वाचता येत नसे. पुढे इंग्रजी आली. आता मोबाइलच्या पडद्यावर मराठी अक्षरे दिसतात, पण ती मराठी वाचून आमचा हमाल विचारतो, 'हे काय म्हनूलालं?' ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आम्हांसही झाला; मात्र अभिजात मराठीत अर्ज भरणाऱ्याला 'प्रमाणीकरण अयशस्वी' म्हणजे आपले धान्य बुडाले, हे उमगत नाही.

हल्ली यंत्राशी तोंडाने बोलता येते. केंद्र सरकारनेही २०२२ मध्ये 'भाषिणी' नावाची योजना त्याच हेतूने सुरू केली. ह्या यंत्रांना कान नसतो. हजारो माणसांचे बोलणे ऐकवून कोणत्या आवाजाला कोणता शब्द हे त्यांना शिकवावे लागते. जे ऐकविले तेच ते समजते. मग त्यांना कोणाचे बोलणे ऐकविले? 'मी येत आहे' हे त्यांना कळेल. लातूरकडचा 'येऊलालो' कळेल का? बिलोली-देगलूरकडे मराठीत तेलुगू मिसळते, उदगीर-निलंग्याकडे कानडी, नांदेडच्या इतवाऱ्यात दखनी, किनवट-माहूरच्या तांड्यांवर गोरमाटी. आमची मागणी अशी की, येत्या वर्षात कोणा विद्यापीठाने मुलामुलींना ध्वनिमुद्रणाची साधने देऊन मोंढ्यावर, वीटभट्टीवर, वेचणीच्या कापसात धाडावे आणि ही बोली टिपावी. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ १९९४ पासून उभे आहे; हे काम त्याच्या नावाला शोभेल. जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी गावोगाव फिरून जमा केल्या; तो संग्रह एक लाखाच्या पुढे गेला. दळणाऱ्या बायांचा आवाज राहिला, तसा पोते पाठीवर घेताना दिला जाणारा हुंकारही राहावा. बोलणाऱ्याला मात्र त्याचे मानधन मिळाले पाहिजे. आवाज हाही माल आहे, आणि फुकट माल उचलणे आम्हांस मान्य नाही.

पोत्याचा विषय निघालाच आहे. आम्ही यंत्राच्या विरुद्ध आहो असा एक समज आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला, त्याच्या कारणांत एकाच माणसावर जास्त साचे सोपविण्याचे धोरण प्रमुख होते; तेव्हापासून कामगार म्हणजे यंत्राचा शत्रू असे सांगितले जाते. ज्याने क्विंटलचे पोते मानेवर घेऊन फळीवरून मालमोटारीत चढविले आहे, त्याला यंत्राचा राग येत नाही; यंत्र इतक्या उशिरा का आले याचा येतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच सांगितले की, एका माणसाने एका वेळी ५५ किलोपेक्षा जास्त ओझे वाहू नये. युरियाचे पोते २०१८ मध्ये ५० वरून ४५ किलोचे झाले. कारण खताच्या बचतीचे होते, पण मानेने पाच किलोचे आभार मानले. लातूरच्या बाजारात सोयाबीन आणि तूर यांचे ढीग पडतात, तेथे सरकते पट्टे यावेत असे आम्हांस मनापासून वाटते. प्रश्न त्यानंतरच्या मजुरीचा आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमाली मंडळात भरावयाची आणि मंडळाने कामगाराला द्यावयाची अशी रीत घातली. कायदा महाराष्ट्राचा, आणि देशात पहिलाच. पट्ट्यावरून जाणाऱ्या प्रत्येक क्विंटलमागे हमालीचा काही वाटा त्याच मंडळात पडत राहावा, म्हणजे ज्यांच्या माना गेल्या त्यांना म्हातारपणी काही मिळेल. अडते म्हणतील की मग यंत्र आणून आमचा फायदा काय? फायदा आहे, मात्र सगळाच त्यांचा नाही.

लातूरकर मंडळी पाण्याचे विचारतील. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा टाक्यांची आगगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली, तो दिवस कोण विसरेल? त्याविषयी येथे एवढेच मागतो की, नळाला पाणी केव्हा येणार हे आदल्या दिवशी मोबाइलवर कळावे. नळाची वाट पाहत बाईचा रोज बुडतो, तो कोणत्याही हिशेबात धरलेला नाही.

तंत्रज्ञान आणि संस्कृती एकाच धाग्यात पाहावयाची असतील तर मात्र उदगीरला जावे. तेथे मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या केंद्रात राष्ट्रध्वजाची खादी विणली जाते आणि नांदेडला ध्वज शिवून तयार होतात. पूर्वी ध्वज हाताने कातलेल्या आणि हाताने विणलेल्या कापडाचाच असावा असा नियम होता. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घरोघर ध्वज लागले, झोपडीवरही लागला. त्यात वाईट झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या बाईच्या सुतातून इतकी वर्षे हा ध्वज निघाला, तिला त्या निर्णयापूर्वी कोणी काही विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आमची मागणी पॉलिएस्टर बंद करा अशी नाही. प्रत्येक सरकारी कचेरीवर आणि शाळेवर खादीचाच ध्वज असावा, त्याची मागणी वर्षाच्या आरंभी नोंदवावी आणि पैसे वेळेवर द्यावेत. आणि चात्या वाढल्या तरी कातणारी चरख्यावरच राहील, अशा सुधारणेवर कोणा तंत्रनिकेतनातल्या मुलांनी डोके चालवावे. अंबर चरखा असाच निघाला होता. एकांबरनाथ नावाच्या गृहस्थांनी तो केला आणि त्यांच्याच नावावरून त्याला अंबर म्हणू लागले. एका चातीच्या जागी अनेक चात्या आल्या, तरी फिरविणारा हात गेला नाही.

ग्रंथालयाविषयी बोललो नाही तर आम्ही कृतघ्न ठरू. हैदराबाद राज्याने १९५५ मध्ये आणि महाराष्ट्राने १९६७ मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला. त्या कायद्यांनी उभ्या राहिलेल्या एका खोलीत आम्ही शिकलो. आज लातुरात गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत, रात्री बारापर्यंत दिवे जळतात, मुले पैसे भरून बसतात, पण तेथे पुस्तक आपले आपण आणावयाचे. आणि जेथे पुस्तके आहेत ती ग्रंथालये कामगार सुटण्याच्या आत बंद होतात. ह्या दोन घरांचे लग्न लावून द्यावे. ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडे, दिव्यांचा खर्च नगरपालिकेचा. याहून मोठे तंत्रज्ञान त्याला लागत नाही. ही व्याख्याने मुद्रित करून मोबाइलवर टाकता आली तर रात्रपाळीचा माणूसही ती ऐकेल. नरहर कुरुंदकर १९८२ साली गेले, तेव्हा आम्ही लहान होतो. ज्यांनी त्यांना ऐकले ते अजून त्यांच्या बोलण्याच्या आठवणी सांगतात आणि आम्हांस हेवा वाटतो.

एक मागणी राहिली, ती खाजगी आहे. आमचे वडील नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये साचेखात्यात होते. आमच्या घरी घड्याळ नव्हते. मिलचा भोंगा हेच घड्याळ. मिल बंद पडली, भोंगाही गेला. नात विचारते, 'आबा, भोंगा कसा वाजायचा?' आम्ही तोंडाने वाजवून दाखवितो, ती हसते आणि म्हणते, 'हे तर ट्रकचं हॉर्न झालं.' कोणाच्या लग्नाच्या जुन्या ध्वनिफितीत, कोणाच्या कॅसेटमध्ये, मागे कोठे तो भोंगा वाजलेला असेल तर आम्हांस जरूर कळवावे. सायंकाळी सहानंतर आम्ही युनियनच्या कचेरीत असतो.