शील आणि परिस्थिती (लेखांक ७) : गाड्या बंद पडल्यावरचा चांगुलपणा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम ७३. म्हणजे ती रात्र खरी उपनगरांची होती. लोकल ठप्प, मिठी नदी रस्त्यावर, फोन मुके. अंधेरीकडून बोरिवलीला, सायनकडून घाटकोपर-मुलुंडला माणसं हातात हात धरून पाण्यातून चालत निघाली. वाटेवरच्या इमारतींतले रहिवासी खाली उतरून चहा-बिस्किटं वाटत होते, अनोळखी लोकांना घरात थारा देत होते. मग सुरू झालं ‘मुंबईचं स्पिरिट’. मला तो शब्द फारसा आवडत नाही. त्याच पावसात साकीनाक्याला दरडीखाली गाडली गेलेली वस्ती त्यात कुठेच बसत नाही. पण चांगुलपणा खोटा नव्हता. प्रश्न एवढाच, की तो कोणाच्या खात्यावर मांडायचा?

मागच्या लेखांकात अ‍ॅरिस्टॉटलच्या तीन अटी पाहिल्या. आपण काय करतोय हे माणसाला कळत असावं, त्यानं ती कृती तिच्यासाठीच निवडलेली असावी आणि ती मुरलेल्या, सहसा न ढळणाऱ्या स्वभावातून आलेली असावी. पहिल्या दोन अटींत ती रात्र बहुधा उत्तीर्ण होते. घोडं तिसरीपाशी अडतं. कारण गाड्या सुरू झाल्यावर हीच माणसं पुन्हा विरार फास्टच्या दारात उभी राहिली, आणि बोरिवलीला उतरणारा कोणी चुकून चढलाच तर त्याला उतरू देईनात.

यातला खरा स्वभाव कोणता? १९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेतल्या ४० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं. काहींचा विषय होता बायबलमधल्या परोपकारी शोमरोन्याची गोष्ट. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत पडलेला होता. तो अर्थातच प्रयोगातलाच. कोण थांबलं? ज्यांना भरपूर वेळ होता त्यांतले ६३ टक्के, थोडी घाई होती त्यांतले ४५ टक्के, आणि ‘तुम्हाला उशीर झालाय’ असं सांगून पाठवलेल्यांतले फक्त १० टक्के. भाषणाच्या विषयानं म्हणावा असा फरक पडला नाही. परोपकारावर बोलायला निघालेला माणूस कण्हणाऱ्याला वळसा घालून पुढे जाऊ शकत होता.

आता २६ जुलैकडे पुन्हा पाहा. त्या रात्री संपूर्ण उपनगराची घाईच काढून घेतली गेली होती. ८.१२ नव्हती, ८.२० नव्हती, मस्टर नव्हतं. कोणाला कुठेच वेळेवर पोचता येणार नव्हतं. एरवी घाटकोपरच्या पुलावर आपल्याला ढकलणारा माणूस आणि त्या रात्री दोर धरून उभा असलेला माणूस यांच्यातलं अंतर कदाचित संस्कारांचं नसेल, वेळापत्रकाचं असेल.

गिल्बर्ट हरमन आणि जॉन डॉरिस या तत्त्वज्ञांनी अशाच प्रयोगांवरून थेट शीलाच्या कल्पनेलाच आव्हान दिलं. त्यांचा युक्तिवाद पूर्ण मानला नाही, तरी एक हिशेब चुकवता येत नाही. २६ जुलैचा चहा सद्गुणाचा पुरावा नसेल, तर विरार फास्टमधली अडवणूकही दुर्गुणाचा पुरावा नाही. आपण मात्र सोयीनं मोजतो. आपला धक्का लागला तर गर्दी होती. दुसऱ्याचा लागला तर त्याला घरचं वळण नाही.

तरीही मी शीलाची कल्पना सोडायला तयार नाही, आणि त्याचं कारण गोरेगावात आहे. मृणाल गोरे यांनी वैद्यकीय शिक्षण सोडून सेवादल-समाजवाद्यांचं काम पत्करलं. १९५८ साली पती केशव गोरे गेले, मुलगी लहान. १९६१ मध्ये त्या महापालिकेत निवडून आल्या आणि वस्त्यांच्या नळासाठी इतक्या भांडल्या, की ‘पाणीवाली बाई’ हेच नाव पडलं. पुढे महागाईविरोधात लाटणी मोर्चे, १९७२ ला विधानसभा, आणीबाणीत तुरुंग, १९७७ ला लोकसभा, नंतर दिंडोशीला नागरी निवाऱ्याची हजारो घरं. नगरसेवक असो, कैदी असो की खासदार, परिस्थिती दर वेळी पालटली आणि बाईंच्या मागण्या मात्र त्याच जातीच्या राहिल्या. अ‍ॅरिस्टॉटलची तिसरी अट एका रात्रीवरून तपासता येत नाही, अशा पन्नास वर्षांवरून येते.

डॉरिसच्या बाजूनं कोणी म्हणेल, की ही सुद्धा परिस्थितीच: सेवादलाची शाखा, साथी, त्या काळचं गोरेगाव. खरं आहे. पण ती परिस्थिती त्यांच्यावर पावसासारखी कोसळली नव्हती. डॉक्टरकीची वाट समोर असताना त्यांनी ही परिस्थिती निवडली, आणि पतीच्या नावानं केशव गोरे स्मारक उभं करून इतरांसाठीही तयार करून ठेवली. सोबत निवडणं ही शीलाचीच कृती आहे, असं मला वाटतं. यावर वाचकांचा आक्षेप असू शकतो.

पुढच्या आठवड्यात उलटी बाजू घेऊ. चांगलं काय ते कळतं, करावंसंही वाटतं, पण हातून होत नाही, अशा माणसाला अ‍ॅरिस्टॉटल दुर्गुणी म्हणत नाही. मग काय म्हणतो, आणि ही सवलत का देतो?