कर्णजन्य ध्वनी आणि कर्णावर्ताचे यांत्रिकी

कान हे केवळ ध्वनी ग्रहण करणारे इंद्रिय होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु निरोगी कान स्वतः क्षीण ध्वनी बाहेर टाकतो, हे डेव्हिड केम्प यांनी लंडन येथे १९७८ मध्ये प्रयोगाने दाखविले. कर्णनलिकेत टिचकीसारखा अल्पकालिक ध्वनी सोडल्यास सुमारे ५ ते १५ मिलिसेकंदांनी त्याचा प्रतिसाद संवेदनशील मायक्रोफोनवर उमटतो. इतका विलंब मध्यकर्णातील साध्या परावर्तनाने संभवत नाही. म्हणून त्याचा उगम आंतरकर्णातील कर्णावर्तात मानावा लागतो.

गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मृतांच्या कानांत आधारपटलावरील प्रवासी तरंग पाहिला व त्यांस १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि तो तरंग पसरट होता. जिवंत कानाचे सूक्ष्म स्वरभेदज्ञान त्यावरून उलगडत नव्हते. द्रवातील घर्षणाने होणारा ऊर्जाक्षय भरून काढणारी सक्रिय यंत्रणा तेथे असावी, असे टॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्येच प्रतिपादिले होते. विद्युद्विभवानुसार बाह्य केशपेशींची लांबी बदलते, हे १९८५ मध्ये सिद्ध झाले. त्यास कारण असलेले प्रेस्टिन हे प्रथिन २००० मध्ये ओळखले गेले.

३,००० व ३,६०० हर्ट्झचे स्वर एकाच वेळी ऐकविल्यास कर्णनलिकेत २,४०० हर्ट्झचा तिसरा स्वर आढळतो. पहिल्याच्या दुपटीतून दुसरा वजा केल्यास ही संख्या येते. कर्णावर्ताची क्रिया अरेषीय असल्याची ही साक्ष होय. या स्वराचा मुख्य उगम वरच्या स्वराच्या स्थानाजवळ असल्याने, स्वर बदलीत गेल्यास पटलाचा एकेक भाग तपासता येतो.

या विषयाचे व्यावहारिक महत्त्व नाशिकजवळील एकलहरे येथील औष्णिक विद्युत्केंद्रासारख्या ठिकाणी ध्यानात येते. ५० हर्ट्झची वीज निर्माण करण्यासाठी अशा केंद्रातील टर्बाइन मिनिटास ३,००० फेरे घेते आणि टर्बाइनगृहात अखंड घोष चालू राहतो. भारतातील कारखाना-नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबेलची मर्यादा आहे. दीर्घकाळ मोठा आवाज सोसल्यास विशेषेकरून बाह्य केशपेशींची हानी होते व श्रवणालेखात ४,००० हर्ट्झच्या आसपास खाच पडते. मनुष्यात नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा उत्पन्न होत नाहीत. श्रवणालेख बिघडण्यापूर्वीही कर्णजन्य ध्वनी क्षीण होऊ शकतात. म्हणून कामगाराच्या कानाची नियतकालिक तुलना उपयुक्त ठरते.

मात्र निष्कर्ष सावधपणे काढावा. हा ध्वनी मध्यकर्णातूनच बाहेर येत असल्याने तेथील विकारानेही तो लोपतो. उलट, श्रवणमज्जेतील दोषात तो शाबूत राहूनही ऐकू येत नाही. तात्पर्य, ही परीक्षा श्रवणाची नव्हे, तर बाह्य केशपेशींच्या यांत्रिक कार्याची होय.