संशयाच्या पिंजऱ्यातली स्त्री

कर्जत आणि खालापूर या रायगडच्या अंतर्भागातील तालुक्यांचे छोट्या पडद्याशी असलेले नाते मुख्यतः भव्य देखाव्यांचे आहे. खालापूर तालुक्यातील चौकजवळ कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी 2005 मध्ये सुरू केलेल्या एन. डी. स्टुडिओत ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेसाठी गडकोट उभे राहिले. खोट्या आरोपात अडकलेल्या स्त्रीच्या थरारमालिकेचे मात्र पोलीस ठाणे, तुरुंगाची बराक आणि न्यायालयातला पिंजरा एवढ्यावर भागते. रहस्यकथेत गुन्हेगार कोण हे शेवटपर्यंत झाकून ठेवलेले असते. या प्रकारच्या थरारकथेत आरोपी निर्दोष असल्याचे प्रेक्षकाला बहुधा आधीच उमगते आणि तिच्यावर विश्वास कोण ठेवणार, या काळजीवर कथा पुढे सरकते.

या मांडणीचा मराठीतील पाया विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (1967) या नाटकात सापडतो. अभिरूप न्यायालयाचा, म्हणजे लोकशिक्षणासाठी रंगवायच्या लुटुपुटीच्या खटल्याचा, प्रयोग करायला मुंबईहून एका गावी आलेली हौशी मंडळी वेळ घालवण्यासाठी लीला बेणारे या शिक्षिकेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवतात आणि पाहता पाहता खेळातली साक्ष तिच्या खाजगी आयुष्यावर घसरते. आरंभी तिच्या बोटाला लागलेली दाराची कडी पुढे बाहेरून अडकते, तेव्हा निसटायला वाट उरत नाही. तेथे पुराव्याची जागा चारित्र्याने घेतलेली असते.

हीच अदलाबदल हन्सल मेहता आणि मृण्मयी लागू वायकूळ यांच्या ‘स्कूप’ (2023) या सहा भागांच्या हिंदी मालिकेत दिसते. पत्रकार ज्योतिर्मय डे यांची 11 जून 2011 रोजी पवईत हत्या झाली आणि त्या प्रकरणात नोव्हेंबरमध्ये गुन्हेवार्ताहर जिग्ना व्होरा यांना ‘मकोका’ या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली अटक झाली. या कायद्यात पोलीस अधीक्षक वा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालू शकतो आणि आरोपी दोषी नसावा असे मानण्यास वाजवी कारण आहे, याची खात्री पटल्याखेरीज न्यायालयाला जामीन देता येत नाही. व्होरा यांना 2012 मध्ये जामीन मिळाला, विशेष न्यायालयाने मे 2018 मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता केली आणि पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्यांच्या तुरुंगातील आठवणींवर बेतलेल्या या मालिकेत करिश्मा तन्नाने साकारलेली जागृती पाठक कोठडीत असताना तिचेच समव्यवसायी बाहेर तिच्या बढतीचा आणि पुरुषांशी असलेल्या ओळखींचा हिशेब मांडतात, आणि बातमी मिळवण्यासाठी ठेवलेले संपर्कच तिच्याविरुद्ध साक्षीला उभे राहतात.

या प्रकाराची खरी अडचण त्याच्या रचनेतच आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी प्रेक्षकाला खिळवून ठेवायचे तर संशय जिवंत ठेवावा लागतो, म्हणजे मालिका ज्या वृत्तीवर टीका करते तिच्यावरच तिचे पोट चालते. ‘स्कूप’ या कात्रीतून बऱ्याच अंशी सुटते, कारण तिचा रोख नायिकेने काय केले यापेक्षा तिच्याविषयीची बातमी कोणी, कशी तयार केली याकडे राहतो. मराठी वाहिन्यांवरील थरारमालिकांनीही नायिकेच्या अश्रूंपेक्षा तपास, जामीन आणि बातमी यांच्या कार्यपद्धतीकडे कॅमेरा वळवला, तर त्यांचा थरार अधिक टिकाऊ होईल.