मोठ्या असेंब्लीतील फाइल्स आणि त्यांचे दुवे

या पाठात आपण पुढील मुद्दे पाहणार आहोत: असेंब्ली फाइल तिच्या भागांशी कशी जोडलेली असते, हे दुवे कशामुळे बिघडतात आणि ते कसे जपावेत. उदाहरणासाठी सॉलिडवर्क्स घेतले आहे. भागांसाठी स्वतंत्र फाइल्स ठेवणाऱ्या इन्व्हेंटर, क्रिओ यांसारख्या सॉफ्टवेअरलाही मूळ तत्त्व लागू पडते.

१. असेंब्ली फाइलमध्ये काय असते?

भागाचा आकार आणि मापे पार्ट फाइलमध्ये असतात. असेंब्ली फाइलमध्ये कोणता भाग कुठे बसवला आहे आणि तो कोणत्या मेटने जोडला आहे, याची नोंद असते. त्यासोबत प्रत्येक भागाच्या फाइलचे नाव आणि पत्ता असतो. ड्रॉइंग फाइलही अशीच पार्ट किंवा असेंब्लीवर अवलंबून असते.

समजा, एका बेल्ट कन्व्हेयरमध्ये ४० रोलर आहेत. रोलरची फाइल एकच असते आणि ती ४० ठिकाणी वापरलेली असते. रोलरच्या शाफ्टचा व्यास २० मिमीवरून २५ मिमी केला, की तो सर्व ४० ठिकाणी बदलतो. दुव्यांचा हाच फायदा आहे आणि जोखीमही यातच आहे.

२. सॉफ्टवेअर फाइल कशी शोधते?

असेंब्ली उघडताना सॉलिडवर्क्स प्रथम त्या नावाची फाइल आधीच मेमरीत उघडलेली आहे का, हे पाहते. नसेल तर सेटिंगमध्ये नेमून दिलेली फोल्डर्स, अलीकडे वापरलेले फोल्डर आणि असेंब्ली सेव्ह करताना नोंदलेला पत्ता अशा ठिकाणी शोध घेते. कुठेच सापडली नाही, तर ती वापरणाऱ्याला विचारते. म्हणजेच ओळख पटवण्यात फाइलच्या नावाला फार महत्त्व आहे.

३. तुटलेला दुवा आणि चुकीचा दुवा

विंडोजमध्ये थेट फाइलचे नाव बदलले, तर असेंब्लीला ती फाइल सापडत नाही. हा तुटलेला दुवा होय. तो लगेच लक्षात येतो आणि योग्य फाइल दाखवून दुरुस्तही करता येतो.

चुकीचा दुवा मात्र अधिक घातक असतो, कारण असेंब्ली व्यवस्थित उघडते आणि स्क्रीनवर सर्व ठीक दिसते. तो दोन प्रकारे तयार होतो.

पहिला प्रकार: दुसऱ्या ग्राहकासाठी जास्त क्षमतेचा कन्व्हेयर हवा आहे, म्हणून जुनी असेंब्ली ‘सेव्ह ॲज’ करून नव्या नावाने ठेवली. संदर्भातील भागही सोबत घेण्याचा पर्याय निवडला नाही, तर नवी असेंब्ली जुन्याच पार्ट फाइल्स वापरते. आता नव्या कामासाठी शाफ्ट २५ मिमी केला, तर पहिल्या ग्राहकाची असेंब्ली आणि ड्रॉइंगही बदलते. पुढे पहिल्या ग्राहकाने सुटा शाफ्ट मागवला आणि कारखान्याने हे ड्रॉइंग वापरले, तर २० मिमीच्या बेअरिंगसाठी २५ मिमीचा शाफ्ट तयार होईल.

दुसरा प्रकार: दोन प्रकल्पांच्या फोल्डरमध्ये ‘शाफ्ट’ याच नावाच्या दोन वेगळ्या फाइल्स आहेत. एक प्रकल्प उघडा असताना दुसरा उघडला, तर मेमरीतील पहिल्या प्रकल्पाचा शाफ्ट दुसऱ्यात येऊ शकतो.

४. कामाची पद्धत

• प्रत्येक फाइलला एकमेव नाव द्या. ‘शाफ्ट’ऐवजी प्रकल्प क्रमांक आणि भाग क्रमांक असलेले नाव ठेवा.

• नाव बदलणे किंवा फाइल हलवणे हे काम सॉफ्टवेअरच्या सोयीतूनच करा. त्यामुळे ती फाइल वापरणाऱ्या इतर फाइल्समधील नोंदही बदलता येते.

• असेंब्लीची स्वतंत्र प्रत हवी असेल किंवा ती दुसऱ्याला पाठवायची असेल, तर ‘पॅक अँड गो’ वापरा. यात सर्व भाग एकत्र घेता येतात आणि नावांना नवा उपसर्ग जोडता येतो. ड्रॉइंग समाविष्ट करण्याचा पर्याय निवडण्यास विसरू नका.

• नट, बोल्ट, बेअरिंग असे प्रमाणित भाग एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवा. प्रकल्पात काम करताना त्यांत बदल करू नका.

• ‘फाइंड रेफरन्सेस’ आज्ञेने प्रत्येक भाग कोणत्या फोल्डरमधून आला आहे, हे तपासा. ड्रॉइंग कारखान्यात पाठवण्यापूर्वी ही तपासणी अवश्य करा.

• मोठ्या असेंब्लीची सबअसेंब्लींमध्ये विभागणी करा. चौकट, ड्राइव्ह आणि रोलर संच वेगळे असले, तर बदल कुठे झाला हे चटकन कळते.

५. अनेकजण मिळून काम करताना

नेटवर्कवरील एकाच फोल्डरमध्ये अनेकांनी काम केले, तर एकाने सेव्ह केलेला बदल दुसऱ्याकडून पुसला जाऊ शकतो. यासाठी उत्पादन माहिती व्यवस्थापन, म्हणजे पीडीएम प्रणाली वापरतात. त्यात फाइल ‘चेक आउट’ केल्यावर फक्त तीच व्यक्ती बदल करू शकते. ‘चेक इन’ केल्यावर नवी आवृत्ती नोंदली जाते आणि जुनीही टिकून राहते. एखादा भाग कोणकोणत्या असेंब्लीत वापरला आहे, हेही बदलापूर्वी पाहता येते.

सर्वांची माहिती एकमेकांशी जुळती राहिली नाही तर काय होते, हे एअरबस ए३८० विमानाच्या बाबतीत दिसले. जर्मनीत हॅम्बर्ग येथे कॅटिया सॉफ्टवेअरची चौथी, तर फ्रान्समध्ये तूलूज येथे पाचवी आवृत्ती वापरात होती. हॅम्बर्गहून आलेले विद्युत तारांचे संच तूलूजमध्ये जोडणीच्या वेळी नीट बसले नाहीत. विमान ग्राहकाला देण्यास सुमारे दोन वर्षे उशीर होण्यामागे हे एक प्रमुख कारण होते. पहिले विमान ऑक्टोबर २००७ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सला मिळाले.

सराव

१. तीन भागांची छोटी असेंब्ली आणि तिचे ड्रॉइंग तयार करा. विंडोजमधून एका भागाचे नाव बदला आणि असेंब्ली उघडून काय होते ते नोंदवा.

२. हीच असेंब्ली एकदा ‘सेव्ह ॲज’ने आणि एकदा ‘पॅक अँड गो’ने नव्या फोल्डरमध्ये ठेवा. दोन्हींचे संदर्भ तपासून फरक लिहा.