कोपऱ्यांतील गडी

रिसोडचें मैदान असो वा मुंबईचें क्रीडागृह, कबड्डी पाहणाऱ्याची नजर चढाई करणाऱ्यावरच खिळते. पकड करणाऱ्याचें काम मात्र अधिक जोखमीचें. अमेरिकन फुटबॉलमध्यें प्रतिपक्षाच्या खेळाडूस लोळविल्यानें सहसा गुण मिळत नाहीं. कबड्डींत यशस्वी पकड गुण देते, पण फसली तर धरणाराच बाद होतो. म्हणून धीर हेंच त्याचें भांडवल.

महाराष्ट्राचा गिरीश मारुती इर्नाक हा असा डावा कोपरारक्षक. चढाईच्या तीस सेकंदांत प्रतिस्पर्ध्याचा पाय टप्प्यांत येईपर्यंत थांबावयाचें आणि क्षणांत घोटा धरावयाचा, ही त्याची हातोटी. २०१४ सालीं सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्यें ती नांवाजली. २०१८ सालीं पुणेरी पलटणचें नेतृत्व त्याजकडे आलें.

त्याच वर्षीं जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेंत तो भारतीय संघांत होता. १९९० पासून सलग सात सुवर्णपदकें मिळविणारा भारत उपांत्य सामन्यांत इराणकडून २७-१८ असा हरला व कांस्यपदकावर थांबला. भारताचे नामांकित चढाईपटू इराणच्या बचावांत अडकले होते. पुढील सामना पाहतांना श्रोत्यांनीं कोपऱ्यांतील गड्याकडेही अवश्य लक्ष द्यावें.