उष्णतासंस्कार आणि लाकडाचे आर्द्रताशोषण

पावसाळ्यात चौकटीत अडणाऱ्या दारावर रंधा मारून घ्यावा आणि पुढील वैशाखात त्याच दाराच्या कडेला फट दिसावी, हा अनुभव सार्वत्रिक आहे. दार भिजलेलेच असावे लागते असे नाही. हवेतील बाष्प त्यास पुरेसे होते. पेशीभित्तीतील हायड्रॉक्सिल गट हे बाष्प धरून ठेवतात आणि सभोवतालच्या हवेशी समतोल साधेपर्यंत लाकूड ते घेत अथवा सोडत राहते. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असता १०० ग्रॅम शुष्क लाकूड साधारणतः १२ ग्रॅम पाणी धरते. ती ९० टक्क्यांवर गेली की हाच आकडा २० ग्रॅमच्या आसपास जातो. पेशीभित्तीची धारणक्षमता संपते तो तंतुसंतृप्तिबिंदू बहुतेक जातींत २८ ते ३० टक्क्यांवर असतो. या मर्यादेच्या खाली आर्द्रतेतील प्रत्येक चढउतार लाकडाच्या आकारमानात उमटतो.

सागाची ख्याती याच संदर्भात आहे. ओल्या अवस्थेपासून पूर्ण शुष्क होईपर्यंत त्याचे स्पर्शरेषीय आकुंचन सुमारे ६ टक्के भरते, तर युरोपीय बीचचे त्याच्या जवळजवळ दुप्पट. निसर्गाने सागाला दिलेले हे स्थैर्य इतर जातींना उष्णतेच्या साहाय्याने देता येईल काय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. सुतार ज्यास ‘सीझनिंग’ म्हणतो त्या क्रियेत लाकडातील पाणी निघून जाते, परंतु पाणी धरण्याची त्याची प्रवृत्ती फारशी बदलत नाही. उष्णतासंस्कारात लाकूड सुमारे १६० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत, शक्यतो प्राणवायू वगळून, तापविले जाते आणि पेशीभित्तीचे रासायनिक स्वरूपच पालटते.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील मॅडिसन येथील वनोपज प्रयोगशाळेत आल्फ्रेड स्टॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. १९४६ साली त्यांनी ‘स्टेबवुड’ या नावाने वर्णिलेले लाकूड वितळलेल्या धातूत बुडवून तापविलेले होते. हवेचा संपर्क टाळण्याचा तो एक उपाय होता. उष्णतेमुळे शेजारच्या दोन शृंखलांवरील हायड्रॉक्सिल गटांतून पाण्याचा रेणू बाहेर पडतो व त्या शृंखला ईथर-बंधाने जोडल्या जातात, अशी तेव्हा कल्पना होती. ही कल्पना आकर्षक होती खरी, पण १९५३ साली त्याच प्रयोगशाळेतील सीबोर्ग, टार्को व स्टॅम यांनी ती पिरिडिनच्या कसोटीवर पारखली. आडवे बंध असते तर पिरिडिनमध्येही लाकडाचे फुगणे कमी व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात संस्कारित नमुने असंस्कारित नमुन्यांहून अधिक फुगले. आपलीच उपपत्ती आपल्याच प्रयोगाने मोडण्याचे हे उदाहरण विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावे.

मग शोषण घटते ते कशाने? मुख्यतः हेमिसेल्युलोजच्या विघटनाने. पेशीभित्तीच्या तीन प्रमुख घटकांत सर्वांत आर्द्रताग्राही हाच, आणि उष्णतेस सर्वांत प्रथम बळी पडणाराही हाच. त्याचे ॲसिटिल गट सुटून ॲसेटिक आम्ल तयार होते व ते आम्ल पुढील विघटनास उत्प्रेरक ठरते. सुटलेल्या शर्करांपासून होणारी फ्युरफुरालसारखी द्रव्ये संघनित होऊन जलास फारशी न आकर्षिणारे पदार्थ बनतात. सेल्युलोजचा स्फटिकमय भाग बहुतांशी टिकतो. लिग्निनचे संघनन होते व त्यामुळे पेशीभित्ती प्रसरणास काहीशी ताठर बनते. फिनलंडमध्ये १९९० च्या दशकात विकसित झालेल्या ‘थर्मोवुड’ पद्धतीत सूचिपर्णी लाकूड बाष्पाच्या आवरणात १९० अथवा २१२ अंशांपर्यंत नेतात. वरच्या उष्णमानास समतोल आर्द्रतांश अदमासे निम्म्यावर येतो. त्याची किंमत म्हणून लाकूड ठिसूळ होते, व भार पेलणाऱ्या तुळईसाठी ते योग्य राहत नाही.

मोजणीचा प्रश्न मात्र वरवर दिसतो तितका सरळ नाही. १०० ग्रॅम शुष्क लाकूड संस्कारानंतर ९० ग्रॅम उरले व त्याने ६ ग्रॅम पाणी धरले असे समजू. नव्या वजनावर आर्द्रतांश ६.७ टक्के येतो, मूळ वजनावर ६ टक्के. कोणता पाया घेतला हे न सांगता दिलेले आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

याहून गंभीर बाब जपानमधील संशोधनातून पुढे आली. कोरड्या स्थितीत तापविलेल्या लाकडात, रासायनिक बदलाव्यतिरिक्त, हेमिसेल्युलोज व लिग्निन यांच्या अस्फटिक शृंखला एकमेकींच्या अधिक निकट येऊन स्थिरावतात आणि पाण्याच्या रेणूस वाव उरत नाही. ही घट तात्पुरती असते. लाकूड एकदा दमट हवेत अथवा पाण्यात राहिले की शृंखला पुन्हा सैल होतात व गमावलेली ग्रहणशक्ती अंशतः परत येते. सौम्य संस्कारात हा तात्पुरता वाटा दुर्लक्षणीय नसतो. भट्टीतून काढलेल्या नमुन्याची लगेच केलेली मोजणी म्हणूनच संस्काराची खुशामत करते. कोकणासारख्या प्रदेशात, जेथे हवा महिनोन्‌महिने बाष्पाने भरलेली असते, तेथे तात्पुरत्या लाभाची मुदत पहिल्या पावसाळ्यापलीकडे जाईल असे मानण्यास आधार नाही. रासायनिक घट तेवढी शिल्लक राहील.

बाष्पशोषण घटले म्हणजे द्रवरूप पाणीही कमी शिरते, हाही एक गैरसमज आहे. द्रव पाणी पेशींच्या पोकळ्यांतून केशाकर्षणाने चढते; काही उष्णमानांना तापविलेल्या पाइनच्या रसकाष्ठाने असंस्कारित लाकडाहून अधिक पाणी शोषल्याचे आढळले आहे.

प्रयोगशाळेत हाती घ्यावयाची कार्यपद्धती यावरून ठरते. संस्कारानंतर नमुन्याचे शुष्क वजन घ्यावे व पहिली समतोल मोजणी करावी. मग तो पाण्यात पूर्ण भिजवून मंदपणे सुकवावा. विघटनातून झालेली विद्राव्य द्रव्ये या वेळी धुऊन जात असल्याने शुष्क वजन नव्याने घेणे आवश्यक असते. त्यानंतर त्याच आर्द्रतेस दुसरी मोजणी करावी. असंस्कारित जोडनमुना त्याच फळीतून, शेजारचाच कापलेला असावा व त्यासही भिजविण्या-सुकविण्याचे तेच चक्र द्यावे. धुपेची दुरुस्ती केल्यावर दोन मोजण्यांत जो फरक उरतो तो तात्पुरत्या घटीचा अंदाज होय, आणि दुसऱ्या मोजणीनंतरही जोडनमुन्याच्या तुलनेत टिकलेली घट ही कायमची.